अपामार्ग ते आघाडा : एका रानवनस्पतीची नावे आणि तिचे औषधी उपयोग

आघाडा ही वनस्पती महाराष्ट्रात कोणास अपरिचित नाही. पावसाळा सुरू झाला म्हणजे ती शेताच्या बांधावर, पडक्या भिंतींच्या कडेस, रस्त्यालगतच्या ओसाड जागेत आपोआप उगवते. श्रावण-भाद्रपदात तिला लांब कणसे येतात आणि पुढे हिवाळ्यात ती वाळली, की शेजारून जाणाऱ्याच्या वस्त्रांना व गुरांच्या केसांना तिची टोकदार फळे चिकटतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे एक तण आहे. तथापि याच तणाला उद्देशून अथर्ववेदात तीन सलग सूक्ते आहेत, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच त्याच्या बियांवरून पडले आहे, सुश्रुताने क्षारद्रव्यांत त्याची गणना केली आहे, आणि गणेशाच्या एकवीस पत्रींतही त्याला स्थान आहे. सर्वत्र फुकट मिळणाऱ्या वनस्पतीला इतका दीर्घ लिखित इतिहास लाभल्याची उदाहरणे थोडीच आढळतील.

आघाड्याच्या औषधी उपयोगांविषयी जे लिहिले जाते, त्यात सामान्यतः दोन प्रवृत्ती दिसतात. एका पक्षाच्या मते वेदकाळापासून चालत आलेला प्रत्येक उपयोग हे सिद्ध शास्त्र होय. दुसऱ्या पक्षाच्या मते ही सर्व भोळ्या समजुतींची परंपरा होय. दोन्ही पक्ष तीन हजार वर्षांच्या वाङ्मयास एकच अखंड विधान समजतात. वस्तुतः या वनस्पतीची नावे कालक्रमाने तपासली, तर त्यांत निरीक्षण, विधी आणि चिकित्सा असे निरनिराळे थर दिसून येतात. ते थर वेगळे करणे हे केवळ शब्दांच्या अभ्यासकाचे काम नव्हे. औषध म्हणून ही वनस्पती हाती घेणाऱ्यालाही त्याचे प्रयोजन आहे.

रूपावरून पडलेली नावे

आघाडा हा माठ व राजगिरा यांच्या कुलातील आहे. पाने समोरासमोर येतात. शेंड्याशी हिरवट-पांढऱ्या फुलांची लांब मंजरी निघते. या मंजरीचा एक विशेष चटकन डोळ्यांत भरतो. कळ्या आरंभी वर तोंड करून असतात. पण फूल उमलून फळ धरू लागले, की ते देठाकडे उलटे वळते आणि खाली टोक करून दांड्याला चिकटून राहते. फुलाजवळची उपपर्णे काट्यासारखी ताठ होतात. त्यामुळे मंजरीवरून वरून खाली हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते, आणि खालून वर फिरवला तर बोचते.

संस्कृतातील कित्येक नावे या निरीक्षणातूनच निघाली आहेत. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात अपामार्ग, शैखरिक, धामार्गव, मयूरक, प्रत्यक्पर्णी, कीशपर्णी, किणिही आणि खरमंजरी अशी आठ नावे एकत्र दिली आहेत. अन्यत्र प्रत्यक्पुष्पी आणि अधःशल्य ही नावे येतात. प्रत्यक्पुष्पी म्हणजे उलट्या फुलांची. अधःशल्य म्हणजे जिचे काटे खाली वळलेले आहेत अशी. खरमंजरी म्हणजे खरखरीत मंजरीची. पंजाबीत या वनस्पतीस पुठकंडा, म्हणजे उलटा काटा, असे म्हणतात. लिनिअसने १७५३ मध्ये तिला जे शास्त्रीय नाव दिले, ते अकिरँथिस आस्पेरा. त्यातील पहिले पद ग्रीक असून त्याचा अर्थ 'भुशासारख्या फुलांची' असा होतो. दुसरे लॅटिन पद 'खरखरीत' या अर्थाचे आहे. संस्कृत खरमंजरी आणि लॅटिन आस्पेरा ही दोन्ही नावे हाताला लागलेल्या एकाच अनुभवातून निघालेली दिसतात.

रूपावरून पडलेली नावे त्या मानाने विश्वसनीय असतात. कारण वनस्पती समोर धरून ती पडताळता येतात. गुणावरून पडलेल्या नावांचे तसे नाही. अपामार्ग हे नाव या दुसऱ्या प्रकारचे आहे.

'अपामार्ग' या शब्दाचा अर्थ

या शब्दातील 'मार्ग' म्हणजे वाट नव्हे. 'अप' हा उपसर्ग आणि 'मृज्' म्हणजे पुसणे, घासून स्वच्छ करणे हा धातू, यांपासून घञ् प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. घञन्त शब्दात उपसर्गाचा अंत्य स्वर दीर्घ होण्याविषयी पाणिनीचे सूत्र आहे (६.३.१२२), आणि धातूतील जकाराचा गकार होणेही नियमाला धरून आहे (७.३.५२). 'पुसून टाकण्याचे साधन' हा अपामार्गाचा सरळ अर्थ होय.

काय पुसून टाकण्याचे साधन, हा खरा प्रश्न आहे. अथर्ववेदाच्या शौनक शाखेत चौथ्या कांडातील सतरा, अठरा व एकोणीस ही सूक्ते या वनस्पतीस उद्देशून आहेत. तेथे अनेक ठिकाणी वनस्पतीचे नाव आणि 'अप मृज्' हे क्रियापद जवळजवळ ठेवून शब्दाचा अर्थ जागा केलेला आहे. जे पुसून टाकावयाचे त्याची यादीही तेथेच मिळते : भुकेने येणारे मरण, तहानेने येणारे मरण, गाई नसणे, अपत्य नसणे, द्यूतातील पराभव, दुःस्वप्न, शत्रूने केलेली करणी. यांत आजच्या अर्थाने रोग म्हणावा असे फारच थोडे आहे. ही माणसाला घेरणाऱ्या अनिष्टाची यादी आहे.

सातव्या कांडातील पासष्टाव्या सूक्तात वनस्पतीच्या रूपाचा व तिच्या कार्याचा सांधा अधिक स्पष्ट दिसतो. तेथे तिला उलट्या फळांची म्हटले आहे, आणि तू उलट्या फळांची वाढलीस म्हणून सर्व शाप माझ्यापासून दूर परतव, अशी प्रार्थना आहे. फळ उलटे वळते, तसा शापही उलटावा. शतपथब्राह्मणात राजसूयाच्या प्रकरणी अपामार्गाच्या दाण्यांचा होम सांगितला आहे. तेथेही देवांनी या वनस्पतीने राक्षसांना पुसून टाकले अशी उपपत्ती देऊन तिच्या उलट्या फळांकडे लक्ष वेधले आहे. त्याच ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात पितृमेधानंतर लोकांनी अपामार्गाने अंग पुसावे, म्हणजे पाप पुसले जाते, असे विधान येते. या सर्व ठिकाणी कार्यकारणभाव साम्यावर आधारलेला आहे. वनस्पतीच्या रसाचा वा राखेचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा तेथे प्रश्नच नाही.

अशा स्थळांचा अर्थ लावताना किती जपावे लागते याचे उदाहरण याच सातव्या कांडातील सूक्तात आहे. काळ्या दातांच्या, वाईट नखांच्या वा व्यंग असलेल्या मनुष्याचा सहवास घडला असेल, तर त्याचा दोष अपामार्गाने पुसावा, असे तेथे म्हटले आहे. आघाड्याच्या काडीने दात घासण्याची चाल महाराष्ट्रात असल्यामुळे या स्थळी दंतरोगावरील प्राचीन उपचार पाहण्याचा मोह होणे शक्य आहे. पण सूक्तातील काळे दात हे बोलणाऱ्याचे नाहीत. ते ज्याच्याबरोबर तो बसला-उठला त्याचे आहेत. पुसावयाचा आहे तो संसर्गाचा दोष. दातांवरचे किटण नव्हे.

भूक आणि अपामार्ग

संहिताग्रंथांत आल्यावर वातावरण पालटते. चरकसंहितेच्या 'अपामार्गतण्डुलीय' अध्यायाचा आरंभ शिरोविरेचनाच्या, म्हणजे नाकावाटे औषध देऊन डोक्यातील दोष काढण्याच्या, द्रव्यांनी होतो, आणि त्यांत अपामार्गाच्या बिया प्रथम येतात. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रत्येक कार्यासाठी श्रेष्ठ द्रव्य सांगताना शिरोविरेचनासाठी 'प्रत्यक्पुष्पा' हिचाच निर्देश आहे. येथे वनस्पतीचा विशिष्ट भाग, देण्याची विशिष्ट रीत आणि शरीराचे विशिष्ट अंग सांगितले आहे. करणी, शाप यांची भाषा मागे पडली आहे.

याच अध्यायात अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत. त्यांतील शेवटची अपामार्गाच्या बिया, दूध आणि घोरपडीचा मांसरस यांनी सिद्ध करावयाची असून ती भूक नाहीशी करते असे म्हटले आहे. पुढील काळी भस्मक, म्हणजे कितीही खाल्ले तरी न शमणारी भूक, या विकारावर आघाड्याच्या बियांची खीर देण्याचा प्रघात वैद्यांत रूढ झाला.

अथर्ववेदात भुकेचे मरण पुसणारा अपामार्ग, आणि चरकात भूक नाहीशी करणारा अपामार्ग. ही दोन स्थळे शेजारी ठेवली, की मध्ये सरळ रेषा ओढावीशी वाटते. परंतु दोन्हीकडील भूक एक नाही. अथर्ववेदातील भूक ही गाई नसणे, अपत्य नसणे यांच्या पंक्तीला बसणारी आहे. ती दारिद्र्याची भूक आहे, आणि तिने मरण येते. चरकातील भूक ही एका शरीराची क्षुधा आहे, आणि वैद्य ती काही काळ थोपवू पाहतो. शब्द तोच राहिला, पण त्याचा विषय बदलला.

तरीही या दोहोंमध्ये काहीच दुवा नाही असे म्हणणेही घाईचे होईल. आघाड्याच्या बिया राजगिऱ्याच्या कुलातील आहेत; त्या कुटून, सडून त्यांचे तांदूळ करता येतात, म्हणूनच ग्रंथांत 'अपामार्गतण्डुल' हा शब्द आहे. दुष्काळात दाण्याऐवजी या बिया खाल्ल्याच्या नोंदी राजस्थानातून मिळतात. ज्या समाजाने टंचाईत हे तण खाऊन दिवस काढले असतील, त्याच्या प्रार्थनेत भुकेच्या मरणाशी त्याचे नाव जोडले जाणे अस्वाभाविक नाही. मात्र हा दुवा धरावयाचा तर तो टंचाईत माणसे काय खात होती यावरून धरावा लागेल. केवळ दोन ग्रंथांतील शब्दसाम्यावरून नव्हे.

राखेपासून क्षार

आघाड्याच्या वैद्यकीय इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण क्षाराचे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षार करण्याच्या रीतीविषयी आहे. त्यात मुष्कक, कुटज, पळस, रुई, निवडुंग, केळ, चित्रक अशा अनेक वनस्पतींबरोबर अपामार्ग येतो. वनस्पती वाळवून जाळावी, राख सहापट पाण्यात किंवा गोमूत्रात कालवावी, ते पाणी एकवीस वेळा गाळावे आणि मग आटवावे, अशी ही रीत आहे. या क्रियेत राखेतील विद्राव्य लवण पाण्यात उतरते व पाणी आटल्यावर मागे राहते. वनस्पतींच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट विपुल असते, हे आधुनिक रसायनशास्त्रास ठाऊक आहे. असा तीव्र क्षार मांसावर लावला तर ते झिजते. दूषित मांस काढण्यास शस्त्राऐवजी त्याचा उपयोग होतो.

सुश्रुतानेच चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात नाडीव्रणासाठी क्षारसूत्र सांगितले आहे. रोगी कृश, दुर्बळ वा भित्रा असेल, किंवा व्रण मर्माजवळ असेल, तर शस्त्र न चालवता क्षार लावलेला दोरा व्रणातून ओवावा आणि त्याने मार्ग हळूहळू कापला जाऊ द्यावा, अशी ही पद्धती आहे. पुढे अकराव्या शतकातील चक्रदत्ताने अर्श व भगंदर यांसाठी हळद आणि स्नुहीचा, म्हणजे निवडुंगाचा, चीक यांची पुटे दिलेला दोरा सांगितला. त्याच्या दोऱ्यात अपामार्गाचा क्षार नाही. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या दोऱ्यावर स्नुहीच्या चिकाची अकरा, चीक व अपामार्गक्षार यांची सात आणि चीक व हळद यांची तीन, अशी एकवीस पुटे असतात. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० नंतरच्या दशकात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीचा पुनः अभ्यास करून तिला निश्चित रूप दिले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत घेतलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ५०२ भगंदररुग्णांच्या या चाचणीत क्षारसूत्राने व्रण भरण्यास सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. मात्र रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रानंतर ४ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले.

निघंटुकार व टीकाकार 'अपामार्ग' शब्दाची फोड दोषांना पुसून काढणारा अशी करतात. क्षाराच्या क्रियेला ती चपखल बसते, आणि म्हणून वनस्पतीला हे नाव तिच्या क्षारगुणावरूनच पडले असावे, असे वाटू लागते. पण कालक्रम याच्या विरुद्ध आहे. नाव अथर्ववेदात आहे; तेथे राख, गाळणे, आटवणे यांचा मागमूस नाही. विधीत रूढ झालेल्या नावाला वैद्यकाने पुढे आपला अर्थ दिला. शिवाय सुश्रुताच्या यादीतील इतर कोणत्याही वनस्पतीची राख हेच कार्य करते. पण त्यांपैकी कोणासही 'पुसणारा' असे नाव मिळालेले नाही.

घरातील आघाडा

आता मराठी नावाकडे वळणे प्राप्त आहे. संस्कृत कोशांत या वनस्पतीस 'आघाट' असाही एक शब्द दिलेला आहे. प्राकृतात अग्घाड, गुजरातीत अघेडो आणि मराठीत आघाडा ही रूपे त्याच्याशी जुळतात. स्वरमध्य टकाराचा डकार होणे हे घोटक-घोडा, कीटक-किडा, कटु-कडू या शब्दांप्रमाणे नियमित आहे. 'अघ' म्हणजे पाप या शब्दाशी आघाड्याचा संबंध जोडला, तर शेवटच्या डकाराचा उलगडा होत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बंगालीत 'आपांग' या रूपाने अपामार्ग हा शब्दच टिकून राहिला. मराठीत मात्र तो पोथीत राहिला आणि घरात दुसराच शब्द नांदला.

शब्द बदलला तरी कल्पना टिकली. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या वेळी अपामार्ग, तुंबी व टाकळा यांच्या फांद्या अंगावरून फिरवाव्यात, असे कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूत (१६१२) सांगितले आहे. भाद्रपदातील ऋषिपंचमीला स्त्रिया आघाड्याच्या काड्यांनी दात घासून स्नान करतात. रजस्वला असताना कळत-नकळत घडलेल्या स्पर्शाचा दोष त्याने जातो, ही त्यामागील भावना. श्रावणात जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ घालतात, ती मुलांच्या आयुष्यासाठी. अनिष्ट पुसून टाकणे, अपत्य राखणे हे अथर्ववेदातील हेतू या व्रतांत ओळखू येतात. ज्या स्त्रियांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला गेला, त्यांनीच या वनस्पतीचा सर्वांत जुना अर्थ आपल्या वर्षाच्या नेमात सांभाळला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

घरगुती औषधांत मात्र या अर्थाचा विस्तार धोक्याच्या जागीही झाला. विष हेही पुसून काढावयाची वस्तू. म्हणून विंचू चावला असता आघाड्याचे मूळ उगाळून लावणे किंवा दंशाच्या जागेवरून फिरवणे ही चाल पडली. कोकणातील तांबड्या विंचवाचे विष हृदयावर आघात करते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या विषबाधेवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळच घटले. या प्रसंगी मुळी उगाळण्यात गेलेला वेळ हाच रुग्णाचा खरा शत्रू ठरतो. अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेला आघाड्याचे मूळ बांधण्याच्या चालीविषयीही हेच म्हणावे लागेल.

नावांच्या गोंधळाचा धोका याहून निराळा आहे. अमरकोशात धामार्गव हे अपामार्गाचे नाव आहे. चरकाच्या कल्पस्थानात मात्र धामार्गवाला स्वतंत्र अध्याय असून तो कडू घोसाळ्याच्या जातीचा, वांती करवणारा वेल आहे. केवळ कोश पाहून योग तयार करणाऱ्याच्या हातून एका वनस्पतीच्या जागी दुसरी पडणे अगदी शक्य आहे. कोणत्या ग्रंथात, कोणत्या प्रकरणी शब्द आला, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ ठरवता येत नाही, हा शब्दार्थशास्त्राचा पहिला नियम येथे रोग्याच्या प्रकृतीशी येऊन भिडतो.

निष्कर्ष

या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रत्यक्पुष्पी, खरमंजरी, अधःशल्य ही नावे सूक्ष्म निरीक्षणाची साक्ष देतात, आणि ते निरीक्षण आजही कोणत्याही बांधावर पडताळता येते. दुसरी, अपामार्ग हे नाव एका श्रद्धेची साक्ष देते. ती श्रद्धा यज्ञातून वैद्यकात आणि व्रतांत उतरली, व प्रत्येक ठिकाणी पुसावयाची वस्तू बदलत गेली : कधी शाप, कधी पाप, कधी दोष, कधी मांस, कधी विष. तिसरी, नाव हा समजुतीचा पुरावा आहे, गुणाचा नव्हे. एकाच नावाखाली आलेल्या उपयोगांपैकी क्षाराचा उपयोग चाचणीच्या कसोटीस उतरला. विंचवाच्या दंशावर मुळीचा भरवसा धरणे प्राणाशी गाठ घालणारे आहे.

म्हणून परंपरेचा आदर करावयाचा तो ती समग्र स्वीकारून वा समग्र टाकून होत नाही. तिच्यातील प्रत्येक उपयोग स्वतंत्रपणे घेऊन, तो कोठून आला आणि कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे विचारावे लागते. आघाड्याच्या कणसावर फळे उलटी वळलेली असतात हे ज्यांनी प्रथम पाहिले, त्यांनी वनस्पती हातात घेऊन पाहिली होती. त्यांच्या वारसांनीही तेच करणे उचित होय.